‘हार्ड’ संपला

मंगळवार, जानेवारी १९५७. फणसवाडी.

आज इंग्रजी-पोर्तुगीज कोशातला ‘हार्ड’ एकदाचा संपला. डोकं खाल्लं त्याने. आमच्या संपादक सरांनी पहिल्या मसुद्यात सगळीकडे सरसकट ‘दूरो’, म्हणजे टणक, लावलं होतं. दगडाला ठीक आहे. पण हार्ड-बॉइल्ड अंडं? ते पोर्तुगीजांकडे नुसतं उकडलेलं असतं. आणि हार्ड-वर्किंग बाई काय दगड आहे? तिथे मी ‘त्राबाल्यादोरा’ लिहिलं आणि खाली उदाहरण दिलं: माझी आई कष्टाळू आहे.

सर म्हणाले, “कोशात घरचं आणू नका.”

मी म्हटलं, “तुमचं अंडं हवं तसं ठेवा सर, पण हे वाक्य राहू दे.” एवढं धीटपणे मी कशी बोलले? त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. वाक्य राहिलं.

घरी आले तर आई संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याहून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसलेली. गोव्यात पोर्तुगीज पोलिसांनी मामाला मारलं, तेव्हापासून ती माझ्या पोर्तुगीजचा विषयच काढत नाही. सांगावं की नको? सांगितलंच. अंड्यापासून सगळं.

तिने ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः हळूच म्हणून पाहिलं, “त्राबाल्यादोरा.”

पाय पुसत म्हणाली, “म्हापशात निम्मा जन्म गेला माझा. त्या भाषेत नुसतं दरडावणंच कानावर पडलं. हा शब्द होता होय त्यांच्याकडे?”