डायरीतला तिसरा रकाना

१४ ऑगस्ट, रविवार दुपार

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मायना बदललेला बघून दचकू नकोस. पत्र माझंच आहे आणि तब्येत ठणठणीत आहे. दुकान बरं चाललंय. गणवेशांचा ढीग पडलाय, आणि तुझी भावजय काजं-बटणं करता करता माझ्यावर नजर ठेवून असते. का, ते सांगतो.

लेकीचं वजन वाढलं म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वाटलं, गोळ्या देतील. त्यांनी तीन डायऱ्या दिल्या. म्हणे, बारा वर्षांची मुलगी एकटी सवयी बदलू शकत नाही, घराला बदलावं लागतं. काय खाल्लं, किती खाल्लं आणि खाण्याआधी काय झालं, हे तिघांनीही तीन रकान्यांत लिहायचं. दर आठवड्याला तिघांचं वजन. मी म्हटलं, मी कशाला? बाईंनी माझ्या पोटाकडे नुसतं पाहिलं.

शिवाय पोहायला जायचं. पोहण्याचं नाव काढलं की पोर खोलीचं दार लावून घ्यायची. डायरी मात्र इमानेइतबारे लिहायची.

मी काकडी लिहायचो. सकाळी काकडी, दुपारी काकडी. क्रीमची बिस्किटं शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांखाली. तिसऱ्या आठवड्यात काट्यानं घात केला. दोन किलो वाढ! बाईंनी माझी डायरी वाचली, चष्मा पुसला, म्हणाल्या, "काकडीवर दोन किलो वाढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय." लेक खो खो हसली. तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवेना.

शिक्षा म्हणून आम्हा बापलेकींच्या डायऱ्यांची अदलाबदल झाली. मी चष्मा लावून मोठ्या तोऱ्यात तपासायला बसलो. पहिला रकाना: बिस्किटं. दुसरा: सात. तिसरा: 'बाबांनी मैत्रिणींसमोर माप घेतलं आणि ओरडले, भोपळ्याची कंबर चौतीस.'

ताई, माप मोठ्यानं बोलायची सवय धंद्यातली. मी बोलतो, तिची आई वहीत उतरवते. आणि भोपळा म्हणजे आपलं लाडाचं नाव. पण पानं उलटत गेलो. चार ब्रेड: बाबा फोनवर भोपळा म्हणाले. दोन चॉकलेटं: पाहुण्यांसमोर भोपळा म्हणाले. तीन आठवड्यांत अकरा वेळा. मला फार लाज वाटली.

तिला म्हटलं, चुकलं माझं. तिनं जरा विचार केला. "तू पण पाण्यात उतरलास तर मी पोहायला येईन. काठावर बसून हाका मारायच्या नाहीत."

काल उतरलो. चड्डी मीच शिवलेली. पाण्यात शिरल्याबरोबर फुग्यासारखी वर आली. अख्खा तलाव माझ्याकडे बघून हसत होता, तेवढ्यात लेक हळूच पाण्यात शिरली. तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. माझं पोट पहिल्यांदाच कुणाच्या कामी आलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, आणि दोन पानं टाळत आलो, ते. आजवरचं प्रत्येक पत्र मी तुला 'प्रिय पोतं' असं सुरू केलं. शाळेच्या फाटकातून त्याच नावानं हाक मारायचो. तू वळायची नाहीस, बाकीचा वर्ग वळायचा. तुझ्या लग्नाच्या फोटोतही तू नवऱ्याच्या मागे अर्धी लपलीस, आणि आम्ही त्यावरही हसलो. सहा वर्षं तू आमच्याकडे आली नाहीस. मी सगळ्यांना सांगत होतो, मेहुण्यांना प्रवास झेपत नाही. मेहुणे तर मध्यंतरी एकटेच येऊन गेले.

तुझाही एक तिसरा रकाना असणार, आणि त्यात मीच असणार. चुकलं माझं, ताई.

लेक विचारते, आत्या कधी येणार? ये. दारात तुला ताई म्हणूनच हाक मारीन, आणि हळू आवाजात.

तुझा,
काकडी न खाणारा भाऊ

ता. क. आजची खरी नोंद. काय खाल्लं: बिस्किटं. किती: तीन. खाण्याआधी काय झालं: ताईला पत्र लिहिलं.