वैराग्य नव्हे, खाज!

१२ जुलै १९७६

नाही जाणार! सासूबाईंच्या मनात मला वाशीमला माहेरी धाडायचं घाटतंय. म्हणे हवापालट. कसली हवापालट, कायमचीच पाठवणी ती! ह्यांना स्पष्ट सांगितलं — हीराला घेतल्याशिवाय कामरगावची वेस ओलांडणार नाही. हे उठून दुकानाकडे निघाले. दुकानात गिऱ्हाईकाशी तासभर घासाघीस करतील, पण आईपुढे वाचा बसते.

कारण काय, तर माझ्या कोपरांच्या आत आणि मानेवर चट्टे. सासूबाई त्याला गजकर्ण म्हणतात. "लेकरले लागन तुह्यं!" होळीपासून माझी तीन वर्षांची हीरा त्यांच्या गादीवर झोपते. मला शिवू देत नाहीत. वर पहाटे माझ्या छातीत शिट्टी वाजते, ती वेगळीच. खाज एक, दमा दुसरा — एकीनं किती सोसावं?

२१ जुलै

अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवून आलो. म्हणाले, रोग दोन नाहीत, मूळ एकच. गादीच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात. ओलीत वाढतात. चावत नाहीत, पण त्यांची घाण धुळीतून नाकात जाते, कातडीला लागते, आणि माझ्या अंगाला ती सोसत नाही. ॲलर्जी म्हणतात तिला. "दुसऱ्याले तर लागत नाही ना?" मी पुन्हा पुन्हा विचारलं. "शिवल्यानं कोणालाच लागत नाही, बाई."

ह्यांनीही ऐकलं. घरी येऊन आईला सांगितलं मात्र नाही. मीच सांगितलं. "डाक्तरले काय कयते!" — झालं.

२३ जुलै

डॉक्टरांचा उपाय: चादरी उकळत्या पाण्यात घालायच्या, गादी उन्हात टाकून बडवायची. पाण्याला आधण येतं न येतं तोच सासूबाई आल्या. "आमी पाणी गाळून पेतो, अन् तू जीव उकळून मारून राह्यली?"

काय बोलणार! मीही मुंगी ओलांडून जाणारी. जैनाच्या घरी सांगतात काय, तर किडे मारा. पण मग माझा जीव जिवात मोजत नाहीत की काय? ओतून दिलं पाणी. चरफडले दिवसभर.

२४ जुलै

सुचलं! मारायचे नाहीत ना? मग त्यांचं घर त्यांनाच राहू दे. गादी, उशी, गोधडी, सगळं सोडलं. दुकानातली कापडाचे तागे ठेवायची रिकामी फळी मागवली, वर धुतलेलं सुती लुगडं अंथरून दुपारी पडून पाहिलं. पाठ मोडून गेली. मोडू दे!

१४ ऑगस्ट

चट्टे सुकतायत. शिट्टी अजून वाजते, पण रोज नाही. हे म्हणाले, "तोंडावर रंग आला तुह्या." सासूबाई दारातून बघून जातात. हीरा अजून त्यांच्याकडेच.

२ सप्टेंबर

पर्युषण चालू आहे, आणि हा घोटाळा! दुपारी गल्लीतल्या बाया आल्या आणि चक्क माझ्या पाया पडायला लागल्या. "तारामतीनं गादीचा त्याग केला म्हणे!" मंदिरातल्या साध्वी माताजी फळीवर झोपतात, म्हणजे मीही दीक्षेच्या वाटेवर! गावभर झालंय. सासूबाईंची मान ताठ. "आमची सून हाय, हो." काल मी गजकर्णी होते, आज पुण्यवान!

खोटं कशाला लिहू, क्षणभर बरं वाटलं. आता कोण धाडतंय माहेरी!

तेवढ्यात हीरा माझ्याकडे धावली. सासूबाईंनी तिला मधल्यामधे उचललं. "राहू दे वं, आता तिले लेकराचा मोह कायले?"

रोगी म्हणून पोर तोडली, आता साध्वी म्हणून तोडणार!

ताडकन उठले. "वैराग्य नाही, खाज हाय मले! गादीची खाज! अन् पोरगी माही हाय!" बाया तोंडाला पदर लावून निघून गेल्या. सासूबाई रागानं जेवल्या नाहीत. मी जेवले. पोटभर जेवले!

९ सप्टेंबर

क्षमावाणी, एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. सासूबाईंनी साऱ्या गल्लीची हात जोडून क्षमा मागितली. माझ्यापुढून तशाच गेल्या. मीही हात जोडले नाहीत.

१७ सप्टेंबर

सकाळी सासूबाई स्वतः हीराला घेऊन माझ्या खोलीत आल्या. पोरीच्या कोपरांच्या आत तेच लाल चट्टे. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत. होळीपासून मी शिवले नव्हते तिला, झोपत होती ती सासूबाईंच्या गादीवर. "तुह्यं लागलं म्हणू तरी कशी!" म्हणाल्या, आणि उंबऱ्यातच बसून रडायला लागल्या. लेक मिळाली मला. मी म्हणत होते ते खरं निघालं — देवा, असं नको होतं रे निघायला!