कल्पना कुठून सुचली

१० ऑगस्ट, रविवार
दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवत होते, ती गेल्या वर्षीची सकाळ. कुकर लावलेला, कणीक भिजवायची राहिलेली. हे अर्धी दाढी सोडून स्वयंपाकघराच्या दारात. "अगो, हलू नको. ह्यो बघ क्षीरसागर." ओल्या पिशव्यांवर खिडकीतला उजेड आला होता. मी म्हटलं, आधी दाढी पुरी करा. ह्यांनी रद्दीतल्या पाकिटावर शेषशायी विष्णू काढला, मागे पिशव्यांच्या लाटा. मंडळाच्या गणपतीचा देखावा दरवर्षी ह्यांचाच. हा करायचा राहिला. माघात हे गेले.
यंदा मंडळ तोच करतंय. अख्खी बिल्डिंग पिशव्या आणून देतेय.

१३ ऑगस्ट
निलेशला विचारलं. आता मंडळाचा सेक्रेटरी आहे, वाढला आमच्याच मजल्यावर. बोर्डावर 'संकल्पना' म्हणून ह्यांचं नाव घालशील ना?
"काकू, एकाचं टाकलं की दहा जण भांडायला येतात. तुम्हीच देखाव्यांच्या स्पर्धेच्या परीक्षकांना सांगा ना. त्यांनी कागदावर लिहिलं की कमिटी गप्प. मग टाकतो." जिन्यापर्यंत जाऊन परत आला. "ते इंग्लिशमध्ये विचारतात पण."

१९ ऑगस्ट
रद्दीवाल्याकडचं इंग्रजीचं पुस्तक काढलं. कुठल्या शब्दाबरोबर कुठला जातो, एवढंच त्यात. कल्पनांना एक पान. आयडिया स्ट्राइक होते, म्हणजे आदळते. कोणीतरी ती स्पार्क करतं. इन्स्पिरेशन ड्रॉ करायचं, विहिरीतून पाणी काढतात तसं. हिट अपॉन. कम अप विथ. सगळी झटापट. ह्यांना नुसतं सुचायचं. चहा गार व्हायचा. तसं काही त्या पानावर नाही. निदान मला सापडलं नाही.

२२ ऑगस्ट
वाक्य ठरलं. माय हजबंड ड्रू इन्स्पिरेशन फ्रॉम मिल्क बॅग्स. 'ड्रू'ला जीभ अडते. भांडी घासताना म्हणते. ह्यांच्या फोटोसमोर म्हणत नाही. हसतील.
शेजारची मंगल भिंतीपलीकडून ऐकते. "वहिनी, लंडनला चाललात की काय?"
म्हटलं, मंडपापर्यंत.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
संध्याकाळी परीक्षक आले. तिघे. त्यांत एक बाई, साधी सुती साडी. निलेशने मला पुढे केलं, शब्द पाळला त्याने. बाई म्हणाल्या, "छान झालंय हो. ही कल्पना कुठून सुचली?"
मराठीत. जिन्यात कोणी विचारावं तसं.
माझ्या तोंडात इंग्रजी भरलेलं. "माय हजबंड" म्हणाले आणि पुढचं गेलं. मराठीही येईना. बाई थांबल्या, मान हलवत राहिल्या, लहान पोराला धीर देतात तशी. शेवटी निलेश म्हणाला, "मॅडम, आम्ही सगळ्यांनी मिळून केलंय." काय करील तो. त्यांना अजून दोन मंडळं बघायची होती. कागदावर काय लिहिलं, दिसलं नाही.
घरी आल्यावर सगळं आठवलं. मराठीतलं, इंग्रजीतलं. 'ड्रू'सुद्धा नीट आलं.
मंगल म्हणाली, "जाऊ दे ना वहिनी. पुढच्या वर्षी सांगा."
पुढच्या वर्षी देखावा दुसरा असेल. ह्यांना आता काही सुचायचं नाही.

३० ऑगस्ट
बोर्ड लागला. मंडळाचं नाव, देणगीदारांची नावं. संकल्पनेची ओळच नाही. निलेश म्हणतो, "निकाल येऊ दे काकू, मग बघू." माझ्याकडे न बघता.
दुपारी देखाव्याजवळ खुर्ची टाकून बसले. कोणी विचारलं तर सांगायचं, मराठीतच. लोक आले, फोटो काढले, पुढे गेले. एकीने विचारलं, चपला कुठे काढायच्या? सांगितलं. आरती होईपर्यंत बसले.