चुन्यावर लिंबू

सर, गेल्या मंगळवारी माझ्या बायकोच्या डोळ्यात चुना उडाला आणि मी त्यावर लिंबू पिळलं. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कुणी सुचत नाही. हे चौथं पान, आधीची तीन खाडाखोड झाली म्हणून फाडली.

गावची जत्रा जवळ आली की उत्रोलीत आम्ही गोठ्याला चुना लावतो. मी कळीचा चुना पिंपात टाकून पाणी ओतलं. तो उकळायला लागला. बायको काठीनं ढवळत होती, ती वाकली आणि एकदम ओरडली, "आवो, डोळा जळतुया!" सर, माझ्या डोक्यात त्या क्षणी फळ्यावरची तुमची ओळ जशीच्या तशी उभी राहिली. आम्ल अधिक आम्लारी, क्षार आणि पाणी. चुना आम्लारी, लिंबू आम्ल. दोन्ही एकमेकांना मारतात. परसातलं लिंबू तोडलं, दातानं फोडलं आणि तिची पापणी बोटांनी उघडून धरून पिळलं. ती तडफडत होती आणि मी म्हणत होतो, "थांब, आता शांत होईल." तिला धरून ठेवणारे हात माझेच होते. आई कळशी घेऊन धावत आली आणि तिनं मला खांद्यानं ढकललं. "आरं मुडद्या, पानी वत आधी! डोळा हाय का कोशिंबीर? म्या शाळंची पायरी चढले न्हाई, पर चुना लागला तर धुवावा येवढं मला बी कळतंय!"

शेजाऱ्याच्या टेम्पोतून भोरला जाताना बायकोनं डोळ्यावर ओला पदर दाबून धरला होता. ती शेजाऱ्याला म्हणाली, "ह्यांनी लगीच औषध केलं म्हनून बरं. शिकल्यालं मानूस घरात असावं." ती पासली गावची, चौथीपर्यंत शिकलेली. खताच्या दुकानात पाट्या मी लिहितो, कुठलं औषध किती पाण्यात टाकायचं ते लोक मला विचारतात, म्हणून तिला माझा फार अभिमान. मी नववी अर्धी सोडली, तीही नापास होण्याच्या भीतीनं, हे तिला माहीत आहे. तरी मी तिच्यासाठी शिकलेलाच.

डॉक्टरांनी तिचा डोळा बराच वेळ धुतला, पापणीखालचे चुन्याचे कण कापसानं काढले. मग मला बाहेर बोलावलं. "चुन्याशिवाय आणखी काय घातलं होतं?"

"लिंबू."

"लिंबू? अहो, आधीच भाजलेल्या डोळ्यात? एकेक मिनिट मोलाचं असतं, तेव्हा पाण्यानं धूत राहायचं सोडून लिंबू? कुणी सांगितलं हे?"

"आमच्या सरांनी. शाळेत शिकवलं होतं."

"अजून शिकवतात का हे सर?"

"नाही. वारले."

"सुटली म्हणायची पोरं," डॉक्टर म्हणाले. बाकावर बसलेले दोघं-तिघं हसले. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि सर, खोटं कशाला लिहू, मला हलकं वाटलं.

घरी आल्यावर पत्र्याच्या पेटीतून आठवीची वही काढली. तुम्ही तसं शिकवलं होतं, हे मला स्वतःला दाखवायचं होतं. पान सापडलं. त्या तासाला तुम्ही मला पुढे बोलावलं होतं. परीक्षानळी माझ्या हातात आहे, तुम्ही तिच्यात थेंब थेंब आम्ल सोडताय, आणि विचारताय, "काय वाटतं रे हाताला?" मी म्हणतो, "कोमट लागतंय, सर." तुम्ही वर्गाकडे वळून म्हणता, "पाहिलंत? एकमेकांना शांत करताना ती दोघं उष्णता सोडतात. म्हणून हा खेळ नळीत करायचा, अंगावर नाही." मग तुम्ही वाक्य सांगितलं आणि मी ते उतरवून घेतलं. ते वहीत आहे. "आम्ल किंवा आम्लारी अंगावर अथवा डोळ्यात गेल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे, दुसरे काहीही लावू नये." एकही चूक नाही. खाली पट्टीनं लाल रेघ मारली आहे. बाजूला तुमची सही आणि "सुवाच्य" हा शेरा. मी ते वाचून जमिनीवरच बसलो. ती कोमट नळी मी या हातात धरली होती. सगळं मला माहीत होतं, आणि वेळ आली तेव्हा फळ्यावरची अर्धी ओळ तेवढी आठवली.

आईनं वही पाहिली. तिला वाचता येत नाही, पण माझं तोंड तिला वाचता येतं. म्हणाली, "सुनंला म्या काय बोलले न्हाई. तुजं तू सांग."

सर, भोरला जाऊन त्या डॉक्टरांना सांगायला हवं की तुम्ही बरोबर होता. दोनदा दवाखान्याच्या रस्त्यापर्यंत जाऊन परत आलो. आणि बायको अजूनही भेटायला येणाऱ्या बायकांना सांगते, ह्यांनी लगीच औषध केलं. उद्या तिच्या डोळ्याची पट्टी सुटेल. डॉक्टर म्हणालेत, किती दिसेल ते उद्याच कळेल. मी देवाकडे तिची नजर मागतो आहे, हे खरं. पण तिला नीट दिसलं, तर मी तिला कधीच काही सांगणार नाही, हेही खरं.