बुडालेली टर्म

रोहा,
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. ऋतू,

आशीर्वाद. आईला बरं आहे, खोकला गेला. अनिता वहिनीने तुझ्यासाठी पोह्याचे पापड ठेवलेत. पुण्याला जाणारं कुणी मिळालं की पाठवू. माझी या आठवड्यात पहिली शिफ्ट होती. आज सुट्टी, म्हणून लिहायला बसलो.

मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. पण फोन केला की तू "दादा, तो विषय नको" म्हणतेस आणि ठेवून देतेस. परवा कंपनीत जेवणाच्या सुट्टीत लावला तर तुझ्या रूममेटने, किमयाने उचलला. "दादा, ती झोपलीय," म्हणाली. मी विचारलं, आणि कॉलेज? ती हळूच म्हणाली, "माझं नाव सांगू नका हं, पण ही टर्म सुरू झाल्यापासून ती वर्गात आलेलीच नाही." नाव सांगू नका म्हणाली होती, पण मला नीट खोटं बोलता येत नाही. तिच्यावर रागावू नकोस.

महिनाअखेरीस सामान घेऊन तू घरी जोह्याला येणार आणि बाबांचा गणपतीचा कारखाना चालवणार, असं तू आईला सांगितलंस. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून कुरियरने पाठवतोय.

सोबत ट्रस्टचा कागद आहे, तो आधी वाच. त्यांनी तुझी शिष्यवृत्ती बंद केलेली नाही, थांबवली आहे. बुडालेली टर्म तू जुलैपासून पुन्हा करायचीस. सगळे विषय पहिल्याच वेळी सुटले पाहिजेत आणि साठ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. दर महिन्याची हजेरी कॉलेज थेट त्यांना कळवणार. ती पंचाहत्तरच्या खाली गेली की कायमचं बंद, मग अर्जही घेणार नाहीत. तोपर्यंत आत्ता चालू असलेल्या टर्मलाही बसायचं आहे. खाली तुझी सही लागते. महिना संपायच्या आत.

अर्ज कुणी केला असं तू विचारशील. मी केला. तू करणार नव्हतीस. बाबा गेले हे सांगून सवलत मागायची तुला लाज वाटते, असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. पेणच्या एका डॉक्टरकडून तुझ्या आजारपणाचा दाखला आणावा, असंही मला इथे सुचवलं लोकांनी. मी गेलो नाही. झालं तेच लिहिलं.

मग ट्रस्टने पालकांना बोलावलं. गेल्या सोमवारी रजा टाकून मी आणि आई पुण्याला येऊन गेलो. तुला कळवलं नाही. आईच म्हणाली, नको.

टेबलापलीकडे तिघं होते. बोलत होत्या त्या सुनीती मॅडम. बाई चांगल्या, आधी चहा मागवला. म्हणाल्या, "वडील गेले, आम्ही समजू शकतो. पंधरा दिवसांची सूट आमच्या नियमातच आहे. पण ही मुलगी पाच आठवडे नव्हती. चाचण्या नाहीत, प्रॅक्टिकल नाहीत. पंधरा दिवसांनंतर ती काय करत होती?"

मी सांगितलं, गणपतीचे डोळे आखत होती.

त्यांना कळलं नाही. मी परत सांगितलं. रंगाला दहा माणसं असतात, पण आमच्याकडे डोळ्यांची आखणी एकच हात करतो, आणि तो बाबांचा होता. त्यांच्यानंतर ती फक्त ऋतुजाला येते, मला येत नाही. बाबा गेले तेव्हा मूर्ती रंगवून तयार होत्या, डोळे तेवढे राहिले होते. सुतकात आम्ही त्यांना हात लावला नाही. बाहेरचा आखणीवाला बघावा तर त्या दिवसांत जोह्यात आणि हमरापुरात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. तेरावं झालं आणि गणपती दोन आठवड्यांवर आले. हे सगळं मी फार अडखळत सांगितलं. बाजूचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे धंद्यासाठी टर्म सोडली."

आई तोपर्यंत पदर धरून बसली होती. एकदम मॅडमना म्हणाली, "तूच सांग गो बाय, बिनडोल्याचा गनपती कोनाच्या घरी धाडायचा? लोकांनी मखर करून ठेवलेलं. काय सांगायचं त्यांना, आमचा मानूस मेला म्हनून तुमचा देव आंधला?"

मी आईला कोपराने ढोसलं. मॅडमना काय गो म्हणतेस? पण त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मग मला ज्याची भीती होती तेच त्यांनी विचारलं. "ताई, पुढच्या वर्षीही गणपती याच टर्ममध्ये येणार. तेव्हा डोळे कोण आखणार?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कारखाना बंद केलाय."

ऋतू, कारखाना बंद केलेला नव्हता. त्याच सकाळी आपला प्रविण माती मळायला आला होता, आम्ही त्याला चहा देऊन निघालो होतो. परतताना एसटीत मी आईला म्हटलं, "खोटं कशाला बोललीस?" ती खिडकीतून बाहेर बघत होती. "खोटं नाय. तवाच बंद झाला," म्हणाली.

काल मी जोह्याला गेलो तेव्हा प्रविण टेम्पो घेऊन आला. साचे नेले, रंगाचे डबे नेले, फळ्यासुद्धा काढून नेल्या. तो त्याच्या घराशेजारी शेड घालतोय. बाबांचे आखणीचे कुंचले आईने स्वतः त्याच्या हातात दिले. मी म्हटलं, एखादा ऋतूसाठी ठेव. तर म्हणाली, "कशाला? ती बगल नि परत बसल." टेम्पो गेल्यावर तिने सगळी जागा झाडून काढली. मी केरसुणी मागितली तर दिली नाही.

म्हणजे तू सामान घेऊन आलीस तरी चालवायला तिथे काही नाही. फोनवर मला हे सांगता आलं नसतं.

आणखी एक तुला सांगायचं राहिलं होतं. गणपतीत मी अनिताच्या माहेरी, कासूला गेलो होतो. त्यांचा गणपती आपल्याकडचाच असतो. बाबांनी आखलेली नजर जरा खाली असायची, समोर पाटावर बसलेल्या माणसाकडे. तुझी सरळ असते. तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी आरतीला थांबलो नाही, बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसलो. तेराव्यालाही मला रडू आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं. तुझी आखणी सुरेख आहे. पण ती तुझी आहे.

बाबा गिऱ्हाइकांना काय सांगायचे आठवतं? "पोरीला ट्रस्ट शिकवते, पण पास तिला स्वतःलाच व्हावं लागतं." आणि स्वतःच हसायचे. पंचाहत्तर टक्के हजेरी म्हणजे किती दिवस, हे ते पहिल्या वर्षी मला तीनदा विचारत होते.

अजून एक उरलं आहे. ते लिहायचं म्हणून सकाळपासून दोनदा उठलो.

श्रावणात बाबांचं वर्षश्राद्ध येईल. तेव्हा तुझी तीच टर्म चालू असेल. दोन दिवसांनी काही हजेरी घसरत नाही, एवढं मलाही कळतं. मी आईला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "गेल्या टायमाला पन तेराव्यापुरतीच आलती." काल मी निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ती दारात दिसली त माज्यानं तिला परत धाडवनार नाय, अमोल. मी धरून ठेवीन. तू लिही तिला."

म्हणून लिहितो. कागदावर सही करून पाठव आणि उद्यापासून वर्गात जा. वर्षश्राद्धाला येऊ नकोस. पिंडाला मी बसेन, तुझ्या वाटचं पाणीही मीच सोडेन. त्या दिवशी पहिल्या तासाला तुझी हजेरी लागू दे. बाबांसाठी तू तेवढंच कर.

तुझा,
अमोलदादा