सवरीमुत्तूचा दाखला

१० एप्रिल ८८, रविवार
सकाळी सहाला बास्केटबॉल कोर्टवर. नऊच पोरं. पास दे म्हटलं की सगळे चेंडू आपटत एकटेच पळत सुटतात. ओरडून घसा बसला. सवरी तेवढा वेळेवर. कोवलमहून पहिली बस, केळंबाक्कमला दुसरी, आणि आज चर्चमधली रविवारची मास बुडवून. घरी सांगत नाही म्हणतो. अनवाणी खेळतो. क्लबचे बूट दिलेत, पण सिमेंटवर झिजतील म्हणून फक्त सामन्याला घालतो. एवढी अक्कल बाकीच्यांना असती तर त्यांच्यामागे पळून मला गुडघा चोळत बसावं लागलं नसतं.
घरी बायकोचं तेच. सरोजा म्हणते, चौदा वर्षं झाली मद्रासला येऊन, स्वतःचं खेळणं संपलं, आता पुरे की. पुरे म्हणजे काय करू? ऑफिसात फायली, घरी पेपर?

२४ एप्रिल, रविवार
जिंकलो. सोळा वर्षांखालच्या गटाचा कप, पहिल्यांदाच. सवरीच्या हातात चेंडू आला की समोरचे दोघे नुसते बघत राहिले. पेरंबूरच्या क्लबचा कोच भास्करन हस्तांदोलन न करताच गेला. जाऊ दे.
बास्केटबॉल संघटनेच्या कमिटीने सवरीला राज्याच्या शिबिराला घेतलं. म्हणजे जूनपासून हॉस्टेल, बारावीपर्यंत शाळा. त्याचा बाप सुसै जाळीबाहेर उभा होता. गेल्या वर्षी खांदा मोडल्यापासून त्याला वल्हं मारता येत नाही. मला एवढंच विचारलं, जेवण किती वेळा. म्हटलं तीन वेळा, शिवाय अंडं. त्याने मान हलवली. हॉस्टेल नसतं तर जूनपासून पोरगा समुद्रावर, हे घरात ठरलेलंच होतं. खरंच बरं वाटलं आज.

२७ एप्रिल
भास्करनचा तक्रार अर्ज. सवरीचं वय जास्त आहे म्हणे. वाचून हसलो. गेल्या वर्षी त्याची दोन पोरं मीच वयावरून बाहेर काढायला लावली, त्याचं उट्टं काढतोय. शाळेचा दाखला पुरत नाही, चर्चचा नाहीतर नगरपालिकेचा कागद हवा, हा नियमही जानेवारीत मीच भांडून करून घेतला. शाळेचं काय, हेडमास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावतो. पोचला हात तर पाच वर्षं पूर्ण, लिही १ जून. माझी निम्मी टीम १ जूनला जन्मलेली आहे. सवरीही, १ जून ७३.
७३ च्या आधीचा नसला म्हणजे झालं. रविवारी कोवलमला जाऊन चर्चचा उतारा आणतो आणि भास्करनच्या तोंडावर टाकतो.

१ मे, रविवार
कोवलम. चर्चमधले फादर तरुण, गेल्याच वर्षी आलेले. भलं मोठं रजिस्टर काढून दिलं. बोट फिरवत गेलो. सवरीमुत्तू, बाप सुसै, आई अन्नम्माळ. जन्म १९ नोव्हेंबर १९७१, बाप्तिस्मा ३ डिसेंबर.
एकाहत्तर.
पुन्हा वाचलं. आईबापांची नावं तीच, गल्लीही तीच. मग राग आला. दोन वर्षं पोरगा माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलला. सुसैचं घर तिथून पाचशे पावलांवर असेल. गेलो नाही. उतारा लिहून घेतला, फादरची सही-शिक्का घेतला, बस पकडली.

४ मे
उतारा मीच कमिटीत नेऊन दिला. सेक्रेटरीने दोनदा विचारलं, नक्की देताय ना? म्हटलं, नियम माझा, मी माझ्यासाठी वाकवू का?
हॉस्टेल रद्द. दोन वर्षं बंदी. कप पेरंबूरला.
संध्याकाळी कोर्टवर सवरीला सगळ्यांसमोर म्हणालो, वय चोरलंस. तो एकदाच म्हणाला, "नाही सार." मी रजिस्टरची तारीख सांगितली. मग त्याने पिशवीतून बूट काढले, बाकावर ठेवले आणि बस स्टॉपकडे गेला. बूट आतून वर्तमानपत्र भरून ठेवलेले, आकार बिघडू नये म्हणून.

८ मे, रविवार
सरोजाशी भांडण. ती तंजावरच्या मराठी घरातली, तिचं मराठी आमच्या सांगलीला कळायचं नाही, पण बोलते ते मुद्द्याचं. "कागदाला पुसलांत. त्या लेकराच्या आईला पुसलांत काय?" म्हटलं, चर्चचं रजिस्टर आहे, रेशनकार्ड नव्हे. ती म्हणाली, "असों दे की," आणि आत गेली. जेवण तेवढं वाढलं.

२२ मे
कत्तरीचं, इथलं मे महिन्यातलं जाळणारं ऊन. सिमेंट सकाळी सातलाच चटके देतं. सहा पोरं. रंगनाथनच्या वडिलांनी सांगून पाठवलं, मुलगा आता ट्यूशनला जाईल. आपल्या पोराला स्वतः पकडून देणारा कोच कोणाला हवाय? असं कोणी तोंडावर म्हणत नाही.
सवरी नाही. तो सुट्टीला गावी गेल्यासारखं, त्याच्याबद्दल कोणी विचारतही नाही. रिबाउंडला उडी मारायला आता कोणीच नाही.

२९ मे, रविवार
सुसै घरी आला. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. पोराने घरी तीन आठवडे कारण सांगितलंच नव्हतं, नुसतं म्हणाला हॉस्टेल नाही. परवा काशिमेडू बंदरातल्या मासेमारीच्या लाँचवर कामाला जाताना आईला सांगून गेला, रजिस्टरमध्ये मी एकाहत्तरचा आहे.
सुसै म्हणाला, "सार, तो मोठा. तो गेला."
पहिला मुलगा. सवरीमुत्तू. अन्नम्माळने सवरियार संताला नवस बोलून झालेला. चौदा महिन्यांचा असताना तिच्या माहेरी तापाने गेला, तिथेच पुरला. पुढचा ७३ च्या नोव्हेंबरात झाला, तोही माहेरी, बाप्तिस्माही तिथेच. नाव पुन्हा तेच. मी विचारलं, मेलेल्याचं नाव? तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत राहिला. "नाव नवसाचं होतं सार. मूल गेलं म्हणून नवस थोडाच सुटतो?"
म्हणजे पोरगा साडेचौदाचा आहे. शाळेने लिहिलंय त्याच्यापेक्षाही लहान.
आमच्याकडे गेलेल्या मुलाचं नाव घरात पुन्हा कोणी घेत नाही. पुढच्याला धोंडू म्हणायचं, दगडू म्हणायचं, म्हणजे यमाची नजर जात नाही. माझा स्वतःचा काका धोंडू, त्याच्या आधीचे दोन गेले म्हणून. त्यांची नावं काय होती ते आजीने मरेपर्यंत सांगितलं नाही. तेव्हा एका घरात एक नाव दोनदा लिहिलं असेल हे माझ्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.
हे मी सरोजाला सांगितलं. त्या दिवशी चर्चपासून पाचशे पावलं होती फक्त. माझी मलाच लाज वाटते.

५ जून, रविवार
सुसैबरोबर अन्नम्माळच्या माहेरी. मरक्काणमच्या अलीकडे, बस सोडून वाळूतून चालत. चर्च म्हणजे एक खोली. म्हातारे फादर, चांगला माणूस. त्या सालांचं पुस्तक एका वादळात भिजलं, सुकलं ते वीट होऊन. त्यांनी सुरीचं पातं घालून पान उचलायचा प्रयत्न केला, तर कागदाचे पोपडे निघाले. थांबा म्हटलं.
मोठ्याचं मरण आणि धाकट्याचा जन्म, दोन्ही त्या विटेत.
परतताना सुसै भिंतीजवळच्या माडापाशी थांबला. इथे कुठेतरी, म्हणाला. वाळू सरकते, नक्की जागा राहत नाही.

१४ जून
कमिटी. सगळं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, आईबाप दोघांचं प्रतिज्ञापत्र आणा, पहिला मुलगा वारला म्हणून, नोटरीसमोर किंवा दोन साक्षीदारांसमोर. १५ जुलै, चार वाजेपर्यंत. त्यानंतर हॉस्टेलची जागा दुसऱ्याला.
भास्करनही होता. वाटलं टोमणा मारेल. बाहेर जिन्यात हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी माझ्या दोघांच्या वेळी मी तुम्हाला म्हणालो होतो, घरी चला, विचारा. तुम्ही कागद दाखवलात." त्यांची नावं विचारली मी. त्यातला एक आता बेकरीत आहे म्हणे. दुसऱ्याचं त्यालाही माहीत नाही.
ते दोघे खरंच मोठे होते की नाही, मला आता सांगता येणार नाही. तेव्हा किती खात्री होती.

२६ जून, रविवार
नोटरीकडून मजकूर टाइप करून घेतला, इंग्रजीत. कोवलमला नेला. सुसैने वाचलाही नाही, सही केली. अन्नम्माळ अंगठा देईना.
पोरगा लाँचवर होता. ती चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो पाण्यावर असताना सवरी मेला म्हणून मी लिहून देऊ?"
सुसै ओरडला तिच्यावर. मीच त्याला थांबवलं. तो घरी असताना येतो म्हटलं. परत येताना शाईचा पॅड खिशात उघडला, शर्ट गेला.

३ जुलै, रविवार
कोर्टवर चार पोरं. चौघांना घेऊन काय करणार, फ्री थ्रो टाकायला लावले. दहातले तीन पडले की स्वतःच टाळ्या वाजवतात. आठला घरी पाठवलं.
सवरीची लाँच आज यायची होती, आली नाही. सोमवारी जोडतोय: लाँच आली, निरोप दुकानाच्या फोनवर. मधली रात्र झोप लागली नाही, सरोजालाही.

१० जुलै, रविवार
सवरी घरी. दीड महिन्यात खांदे भरलेत, तळहात दोरखंडाने सोललेले. ह्या हातांनी चेंडू धरला तर रक्त येईल. मी माफी मागितली. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून त्याच्या घरच्यांसमोर मागितली. तो खाली बघत होता. "असू दे सार," एवढंच.
अन्नम्माळ पुढे येऊन बसली, हात दिला. मी अंगठ्याला शाई लावली. मग म्हणाली, वाचा. माझं तमिळ अजून ऑफिस आणि कोर्टपुरतंच. तरी इंग्रजीचं तमिळ करत वाचलं, माझा मुलगा सवरीमुत्तू चौदा महिन्यांचा असताना वारला. पुन्हा वाचा म्हणाली. वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.
तेव्हा म्हणाली, "हे वाचणाऱ्याला कसं कळायचं कोणता सवरी मेला? तुम्हाला कळलं का?"
तिने अंगठा लुगड्याला पुसला.
सवरी बसपर्यंत सोडायला आला. आपल्याआधी कोणी होतं हे त्याला मे महिन्यापर्यंत माहीतच नव्हतं. माझ्या उताऱ्यामुळे त्याला कळलं. विचारत होता, तो कुठे पुरलाय. म्हटलं माडापाशी, अप्पांना माहीत आहे. म्हणाला, अप्पा सांगत नाही.
मग त्यानेच आईशी ठरवलेलं सांगितलं. तो पुन्हा पाण्यावर जायचा आहे तोवर ती अंगठा देणार नाही. लाँच बुधवारी निघते, शुक्रवारी दुपारी काशिमेडूला लागते. आई धक्क्यावर येऊन बसेल. तो उतरला, तिने डोळ्यांनी बघितलं, की तिथेच अंगठा देईल. त्या दिवशी मग पुन्हा पाण्यावर जायचं नाही, ही तिची अट. मी म्हटलं, अरे शुक्रवारी चारला मुदत संपते, या खेपेला जाऊ नकोस. म्हणाला, उचल घेतली आहे सार, जावंच लागतं.

१४ जुलै
ऑफिसात उद्याची रजा टाकली. कारण काय लिहू? घरगुती कामासाठी, लिहिलं. सरोजा म्हणाली, मीही येतों, ती बाई तिथे एकटीच बसेल. बूट पिशवीत घातले. वर्तमानपत्र तसंच आहे आत.

१५ जुलै, शुक्रवार. काशिमेडू, धक्क्यावर
१२.४०. अन्नम्माळ आमच्याही आधी येऊन बसली आहे. सरोजा शेजारी. दोघी बोलतायत, मला ऐकू येत नाही.
२.१०. पाच लाँचेस लागल्या. आमची नाही. साक्षीदार म्हणून बर्फाच्या गाडीवाले दोघे पकडून ठेवलेत, ते आता जातो म्हणतात. इथून कमिटीचं ऑफिस ऑटोने पाऊण तास.
२.५०. एक खलाशी म्हणाला, पहाटे पलीकडे वारा फार होता. हे त्याने मला सांगितलं, तिला नाही. मी सरोजालाही सांगितलं नाही. अन्नम्माळने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा पाण्याकडे.
३.२५. आता अंगठा मिळाला तरी पोचत नाही. कागद पिशवीत आहे. तरी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय. चार वाजण्याचं मला आता काही वाटत नाही.
३.४०. लांब दोन लाँचेस दिसतायत. अन्नम्माळ उठून उभी राहिली. नावं अजून वाचता येत नाहीत.