घट बसेपर्यंत

५ सप्टेंबर, शुक्रवार
शिंदे सुपरवायझरनं पेढ्यांचा बॉक्स उघडला, तिथंच माझं सगळं फिरलं. चहाची सुट्टी, लाईनवरची पोरं भोवती. "पितरपाट लागायच्या आत सुपारी फोडून घेतली," म्हणाला. कुणाशी, तर सोनालीशी. आमच्या क्यूसीतली, माल तपासणारी सोनाली. भवानीनगरच्या स्टॉपवर कंपनीच्या बसमध्ये चढते, आणि मी रोज जिच्यासाठी खिडकीची जागा धरतो, ती. पेढा माझ्यापुढं करून म्हणतो, "घे की. तुझ्यामुळंच तिला रोज बसायला मिळालं." पोरं हसली.
पुढचं नीट आठवत नाही. त्याची कॉलर हातात होती. पेढे फरशीवर. गळ्यातलं कार्ड काढून त्याच्या तोंडावर फेकलं आणि गेटबाहेर आलो. बाहेरूनच एचआरच्या मोरे सरांना व्हॉट्सॲप: काम सोडलं.
निघताना सो. दारात उभी दिसली. निदान शिवी तरी द्यायची...

६ सप्टेंबर
गणपती बोळवून आल्यावर घरी सांगितलं. आई कपाळावर हात मारून बसली. आबा म्हणाले, "कालिज सोडलं, कंपनी सोडली. आता आमाला कदी सोडतूस तेवढं सांग."

८ सप्टेंबर, सोमवार
इंदापूरच्या बाजूला नवीन कंपनी, पाईपची. मुलाखत लगेच झाली. पगार जास्त. आईवडिलांचा मेडिक्लेम जुन्या कंपनीसारखा इथंही आहे. उद्यापासून या म्हणाले.
आईनं ऐकूनच घेतलं नाही. "पितरपाटात नवं काम धरत्यात व्हय? घट बसले की जा."
"कंपनीला काय पितरं असतात का?"
आबा कारल्याच्या मांडवातनं ओरडले, "ऐक रं तिचं. एवढ्या दिसात काय कंपनी पळून जातीया?"
फोन केला. तिथली मॅडम म्हणाली, चालेल, आमच्याकडं बरेच जण घटस्थापनेलाच येतात. २२ तारीख ठरली. मलाही बरंच वाटलं. कुठंच जाऊ वाटत नाही. भाकरी गोड लागत नाही.

१२ सप्टेंबर
बसच्या टायमाला भवानीनगरच्या स्टॉपजवळ जाऊन थांबलो. बाभळीआड, चोरासारखा. दिसली. केस ओलेच होते. तिला मेसेज टाकला, मला एकदा सांगायचं तरी होतंस.
उत्तर आलं, 'काय सांगायचं? मी तुला कधी काय म्हणाले होते का?'
नव्हतीच. तेच तर. माझं मीच सगळं... जाऊ दे.

१६ सप्टेंबर, मंगळवार
आबा मांडवातच खाली बसले. घामानं निथळत होते. "पित्त झालंय, सोडा आण." शेजारच्या तात्यांच्या गाडीत घालून बारामती गाठली. ईसीजी काढला आणि तिथले सगळे पळायलाच लागले. हार्ट अटॅक. एक नस पूर्ण बंद, ती लगेच उघडली.
काउंटरवरच्या बाईनं मेडिक्लेम विचारला. सवयीनं जुनं कार्ड पुढं केलं. तिनं नंबर घातला. "चालू दाखवतंय. फक्त कंपनीचं पत्र लागेल, मुलगा कामावर आहे म्हणून."
मोरे सरांना फोन. "अरे रोहित, तू कार्ड फेकून गेलास. कामावर आहे असं कसं लिहू मी?"
त्यांचं काय चुकलं? भिंतीवर मूठ मारली. बोटं सुजली. नर्स म्हणाली, "दादा, तुमचं बिल वेगळं होईल बरं का." लै हसलो. मग जिन्यात जाऊन रडलो.

१७ सप्टेंबर
डॉक्टर म्हणतात, अजून दोन नसा राहिल्यात. बायपासच करावी लागेल. फार दिवस थांबू नका. मोफत ऑपरेशनची सरकारी योजना या हॉस्पिटलात नाही. जिथं आहे तिथं नेतो म्हणालो तर म्हणाले, "आत्ता हलवायचं तर तुमच्या सहीवर. रस्त्यात काही झालं तर आमच्यावर नाही." पेन हातात घेऊन बसलो. सही झाली नाही.
बाईक विकली. ताईच्या नवऱ्यानं हातभार लावला. त्यात उघडलेल्या नसेचं बिल भागलं. ऑपरेशनचा आकडा ऐकून आई म्हणाली, "मानूस नवा करून देत्यात का काय?"

१८ सप्टेंबर
नव्या कंपनीला फोन. आजच येतो म्हणालो. मॅडम गोडच बोलल्या. कामावर आलो की मेडिक्लेम सुरू होईल, पण आधीच दाखल असलेल्या पेशंटचा चालू आजार त्यात बसणार नाही. "नऊ तारखेला आला असतात तर बसलं असतं, सर."
नऊ तारखेला.
वॉर्डाबाहेर आई डबा उघडत होती. तिच्यावर ओरडलो, सगळ्यांदेखत. तुझ्या पितरांनी खाल्लं आबांना. तिनं डबा तसाच बंद केला. तेव्हापासून जेवलेली नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
सो.चा फोन. आबा तसे पडलेत आणि माझ्या मनात पहिलं आलं काय, तर लग्न मोडलं वाटतं.
ती कामाचंच बोलली. "तुझा राजीनामा लेखी आलाच नाही. सोडून गेलेल्यांची नावं विमावाल्यांकडं महिन्याच्या शेवटी जातात. मोरे सर म्हणतात, तुला लाईनवर परत घेतलं आणि मधली बिनपगारी रजा धरली, तर पत्र देता येईल. पण रजेच्या अर्जावर त्यांची सही लागते."
"त्यांची म्हणजे? नाव घे की."
"आता नाव नाही घेत मी."
पुढं म्हणाली, "तू माफी माग. मी बोलून ठेवलंय."
म्हणजे माझ्यासाठी तिनं त्याच्याकडं शब्द टाकला. याच्यापेक्षा तिनं फोन केला नसता तर... पण मग आबा?

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
आईनं सकाळी घरी जाऊन स्वयंपाक केला, पान ठेवलं. अजून पितरंच का, म्हणालो. "तुज्या आज्याचं पान हाय. त्याला उपाशी ठिवू व्हय?" तीन दिवसांत मला बोललेलं एवढंच.
कावळा लगेच शिवला म्हणे. आबांना सांगितलं तर नळ्यांतनं म्हणाले, "शिवनारच. अवंदा म्या तिकडं यायचा ऱ्हायलो, म्हून खूश असत्याल." आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.
मग आबांनी माझा हात धरला. "घरी न्या मला. एका नसंवर जगत्यात मानसं." मी छताकडं बघत होतो.
संध्याकाळी शिंदेचा मेसेज. 'उद्या पहिल्या पाळीला ये. सगळ्यांसमोर केलंस, सगळ्यांसमोरच बोल. मग बघू.'
मग बघू. सही करतो असं लिहिलेलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसायचा दिवस. आई हॉ.त. देव्हाऱ्यासमोर शेजारच्या काकू माती पसरतायत. रात्री झोप नाही.
नव्या कंपनीच्या मॅडमचा मेसेज, नऊ वाजता गेटवर या, फोटो आणा. उत्तर दिलेलं नाही. तिथं गेलो तर पगार आहे, आबांचं ऑपरेशन नाही. जुन्या कंपनीत गेलो तर ऑपरेशन कदाचित. कदाचितच.
'शिंदे साहेब, चुकलं.' आरशासमोर बोलून बघितलं. 'साहेब'पर्यंत येतं. पुढं दात आवळले जातात. तो काहीतरी बोलणारच. पोरं हसणारच. ती काचेपलीकडं उभी असणार. हात खाली राहील का, माझं मला सांगता येत नाही. आबांची शपथ घेतली. मागं कॉलेजात पण घेतली होती, ती टिकली नाही.
काकू विचारतायत, "आज जॉईन व्हायचं ना रं? कुंकू लावू का?" लावा म्हणालो. कुठं जातोय ते सांगितलं नाही.
खालच्या रस्त्यानं जुन्या कंपनीची बस वाजली.
काकू मागच्या दारानं गेल्या. निघतो. दार ओढून घेतो, बस चुकायला नको.